चाल, वेग आणि ‘क्रूझ’ : स्थिर चालीच्या यंत्राचा व त्याच्या नावांचा इतिहास

(१)

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेले माजरी हे गाव कोळशाच्या खाणींमुळे व रेल्वेच्या जंक्शनमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो आणि वणीकडचा फाटा येथेच फुटतो. या परिसरात घटकाभर उभे राहिले असता तीन प्रकारची वाहने दृष्टीस पडतात : कापसाची किंवा कुटाराची बंडी, कोळशाची मालगाडी, आणि मोटार. वाहन चालविताना त्याची चाल कोणी राखावयाची आणि त्याची दिशा कोणी राखावयाची, या प्रश्नाला ही तीन वाहने तीन निरनिराळी उत्तरे देतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांपैकी तिसऱ्या उत्तराचा, म्हणजे मोटारीतील ‘क्रूझ कंट्रोल’ या यंत्राचा इतिहास हा आहे. परंतु पहिल्या दोहोंचा विचार केल्यावाचून तो नीट उलगडत नाही.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक साधा प्रसंग कारण झाला. नागपूरहून माजरीकडे जात असताना, जामचा चौरस्ता मागे पडल्यावर, आमच्या भाड्याच्या मोटारीच्या चालकाने हातातील चक्रावरची एक कळ दाबली आणि तो म्हणाला, “सर, गाडी क्रूझवर टाकली. आता पाय मोकळा.” वरोऱ्याच्या अलीकडे रोह्यांचा एक कळप रस्ता ओलांडू लागला तेव्हा तो मोकळा पाय क्षणार्धात ब्रेकवर आला आणि मोटार थांबली. मागील आसनावरील आमचे एक सहकारी म्हणाले, “अहो, पण गाडी तर आपोआप चालली होती ना?” चालक हसला, उत्तर त्याने दिले नाही. ‘पाय मोकळा’ आणि ‘गाडी आपोआप चालली’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच या यंत्राच्या इतिहासाचे मर्म होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

(२)

प्रथम बंडीचा विचार करू. बैलाच्या वेसणीला बांधलेला कासरा हे चाल आणि दिशा या दोहोंचे एकच साधन आहे. दोन्ही कासरे सारखे ओढले तर बैल थांबतात. एकच ओढला तर बंडी त्या अंगाला वळते. वऱ्हाड-नागपूरकडे बंडी हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. धुरेवर बसणारा तो धुरकरी. धुरा, धुरीण, धुरंधर ही सर्व एकाच कुळातील माणसे होत. राज्यकारभाराची ‘धुरा वाहणे’ हा आपल्या भाषेतील रूढ वाक्प्रचार याच जुवाखालून आलेला आहे. ‘राज्याचा गाडा हाकणे’ हाही त्याच घरातला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाजाराहून रात्री परतणारा धुरकरी बंडीतच आडवा होऊन झोपी गेलेला दिसतो, आणि तरीही बंडी सुखरूप घरी येते. बैल आपली चाल राखतो, वाट ओळखतो, खड्डा चुकवितो आणि समोरून कोणी आले तर बाजूलाही सरतो. म्हणजे धुरकऱ्याने कासरा सैल सोडला तरी चाल व दिशा ही दोन्ही कामे बैलांकडे जातात, ती कोणाकडेच राहिली नाहीत असे होत नाही. पुढे यंत्रांनी जे साधले त्याचे मोजमाप या झोपलेल्या धुरकऱ्याशी ताडून पाहिले पाहिजे.

(३)

यंत्राने चाल राखण्याचा इतिहास वाहनापासून सुरू होत नाही, तो एका जागी उभ्या असलेल्या इंजिनापासून सुरू होतो. पिठाच्या गिरणीत जात्याची चाल कमीजास्त झाली तर पीठ बिघडते, म्हणून इंग्लंडमधील गिरणीवाल्यांनी फिरत्या गोळ्यांची एक युक्ती पूर्वीच योजिलेली होती. लंडन येथील आल्बियन गिरणीत मॅथ्यू बोल्टनने ती पाहिली, आपला भागीदार जेम्स वॉट यास कळविले, आणि १७८८ साली वॉटने ती वाफेच्या इंजिनास जोडली. तिची रचना सोपी आहे. उभ्या दांड्याभोवती दोन जड गोळे फिरत असतात. इंजिन जलद चालू लागले की ते बाहेरच्या अंगाला व वर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप थोडी मिटते. इंजिन मंदावले की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. इंजिनाची चाल हीच अशा रीतीने आपल्या चालीला आवर घालते. या युक्तीस ‘गव्हर्नर’ हे नाव पडले. आपल्याकडे शेतातील विहिरीवर चालणाऱ्या डिझेल इंजिनातही याच तत्त्वाचे यंत्र असते, आणि दुरुस्ती करणारे कारागीर त्याला ‘गव्हर्नर’ असेच म्हणतात.

वॉटच्या या यंत्रात एक उणीव होती. भार वाढला म्हणजे ते चाल सावरीत असे खरे, परंतु ती पूर्वीच्याच अंकावर आणीत नसे, किंचित खाली ठेवी. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने रॉयल सोसायटीपुढे ‘गव्हर्नरांविषयी’ हा निबंध सादर केला. त्यात त्याने अशा यंत्रांचे दोन वर्ग पाडले : चालीतील फरक केवळ कमी करणारी ती ‘मॉडरेटर’, आणि भार कितीही बदलला तरी चाल नेमक्या ठरविलेल्या अंकावर परत आणणारी तीच खरी ‘गव्हर्नर’. भाषेच्या अभ्यासकाने याची आवर्जून नोंद घ्यावी. यंत्रांच्या या शास्त्राच्या आरंभीच एका श्रेष्ठ शास्त्रज्ञास नावांची विभागणी करावी लागली, कारण एकाच नावाखाली दोन भिन्न कामे नांदत होती. हीच अडचण आज आपल्यापुढे निराळ्या रूपाने उभी आहे.

(४)

आता माजरीच्या फलाटावर येऊ. वर्धा खोऱ्यातील कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात टाकण्यात आला. पुढे तो बल्लारशाहपर्यंत गेला, आणि १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह हा दुवा पुरा झाल्यावर उत्तर व दक्षिण हिंदुस्थान या मार्गाने सरळ जोडले गेले. आगगाडीची खरी नवलाई वाफेत नसून रुळांत आहे. बंडीच्या कासऱ्यात एकवटलेली दोन कामे रुळांनी विभागली. दिशा रुळांकडे आणि जंक्शनातील सांध्यांकडे गेली; गाडी वणीकडे वळावी की चंद्रपूरकडे जावी हे स्टेशन ठरविते. चालविणाऱ्याच्या हाती उरली ती केवळ चाल. भारतीय रेल्वेत आता या चालकास ‘लोको पायलट’ हे पदनाम आहे. पायलट म्हणजे मुळात तारवाचे सुकाणू धरणारा. ज्या वाहनाला सुकाणूच नाही त्याच्या चालकास सुकाणूधाऱ्याचे नाव मिळावे, हा शब्दांच्या प्रवासातील एक विनोदच म्हटला पाहिजे.

अशा वाहनात चालही यंत्राकडे सोपविणे हे स्वाभाविक होते. भारतीय रेल्वेत १९९६ सालापासून आलेल्या ‘डब्ल्यूएजी-९’ या विजेच्या मालवाहू इंजिनात स्थिर चालीची एक कळ असते. ती दाबली असता त्या क्षणीची चाल इंजिन आपण होऊन राखते; चढ आला तर जोर वाढविते, उतार आला तर कमी करते. नागपूरच्या अजनी येथील शेडमध्ये ही इंजिने आहेत. मोटारीतील क्रूझ कंट्रोल आणि ही कळ यांत तत्त्वतः काहीही अंतर नाही.

परंतु रेल्वेने या कळीच्या सोबतीला दुसरे एक यंत्र बसविले आहे, आणि ते अधिक अर्थपूर्ण आहे. चालकाने सुमारे एक मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही तर प्रथम दिवा लुकलुकतो, मग घंटी वाजते, आणि तरीही त्याने दखल घेतली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे ज्या वाहनाची दिशा रुळ राखतात, पुढील मार्ग मोकळा असल्याची ग्वाही सिग्नल देतो आणि चाल इंजिन राखते, त्या वाहनातही चालक जागा आहे की नाही हे वारंवार विचारले जाते. एका हाताने काम काढून घ्यावे आणि दुसऱ्या हाताने जागेपण मागावे, हा रेल्वेचा शहाणपणा होय. सडकेवर याच्या नेमके उलट घडले.

(५)

मोटारीत दिशा हाताकडे राहिली आणि चाल पायाकडे गेली. चाल राखणारे यंत्र मोटारीस जोडण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील पीअरलेस कंपनी १९१० च्या सुमारास आपल्या मोटारींतील गव्हर्नरची जाहिरात करीत असे. तथापि आजच्या क्रूझ कंट्रोलचा जनक म्हणून राल्फ टीटर याचे नाव घेतले जाते. इंडियाना राज्यातील हेगर्सटाउन येथे १८९० साली जन्मलेला हा अभियंता वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने दृष्टिहीन झाला. पुढे तो पिस्टन-रिंगा बनविणाऱ्या ‘परफेक्ट सर्कल’ या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९३६ साली अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. १९८२ साली तो निवर्तला.

टीटरला ही कल्पना कशी सुचली याविषयी जी हकीगत सांगितली जाते ती भाषाशास्त्रज्ञास विशेष रुचावी अशी आहे. त्याचा वकील मित्र मोटार चालवीत असता बोलू लागला की मोटार मंदावे आणि तो ऐकू लागला की ती जलद होई. डोळस प्रवाशाच्या ध्यानात हे कदाचित आले नसते. दृष्टिहीन टीटरला मात्र ते हिसके अंगाला जाणवत. बोलणे आणि पाय यांचा हा गुप्त संबंध त्याने ओळखला आणि पायाला जिभेपासून सोडविण्याचे यंत्र तो रचू लागला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व टायर वाचविण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची मर्यादा घालण्यात आली होती, त्यामुळेही या प्रयत्नास चालना मिळाली. २२ ऑगस्ट १९५० रोजी त्यास पेटंट मिळाले. पेटंटाच्या शीर्षकात ‘ॲक्सेलरेटरच्या हालचालीस विरोध करणारे’ असे या यंत्राचे वर्णन आहे. म्हणजे मूळ कल्पना पायाला मोकळे करण्याची नसून पायाला सूचना देण्याची होती : ठरविलेली चाल आली की पायाखालची कळ जड होई आणि चालकाला कळे की आता पुरे. चाल धरून ठेवणारी खुंटी नंतर आली.

१९५८ साली क्रायस्लर कंपनीने इम्पीरियल व आपल्या अन्य काही मोटारींत हे यंत्र ‘ऑटो-पायलट’ या नावाने विक्रीस आणले. त्यानंतर कॅडिलॅकने वापरलेले ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा आली आणि पेट्रोल वाचविणारे साधन म्हणून या यंत्राचा प्रसार झपाट्याने वाढला. पुढे विजेच्या सूक्ष्म मंडलांनी यांत्रिक भागांची जागा घेतली. १९९० नंतरच्या दशकात जपानी व जर्मन कारखान्यांनी पुढील वाहनाचे अंतर प्रकाशकिरणांनी किंवा रडारने मोजून त्याप्रमाणे आपली चाल कमीजास्त करणारी यंत्रेही आणली.

भारतात हे यंत्र प्रथम महागड्या मोटारींतून आले आणि मग मध्यम किमतीच्या मोटारींत उतरले. त्याला साजेसा रस्ता महाराष्ट्रात अलीकडेच झाला. ७०१ किलोमीटर लांबीच्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. अशा सरळ, एकसुरी रस्त्यावर पायास काम नाही, हातास फारसे काम नाही, दृश्य बदलत नाही; मग डोळे उघडे असूनही मन निजते. या अवस्थेस ‘महामार्ग-संमोहन’ असे म्हटले जाते. चाल यंत्राकडे गेली, परंतु जागेपण मागणारे रेल्वेसारखे यंत्र कित्येक दशके मोटारीत आलेच नाही.

(६)

आता नावांकडे वळू. इंग्रजी ‘गव्हर्नर’ हा शब्द लॅटिन ‘गुबेर्नातोर’वरून आला, आणि तो ग्रीक ‘क्युबेर्नेतेस’वरून. दोहोंचा अर्थ सुकाणू धरणारा, आपला कर्णधार. याच ग्रीक शब्दावरून नॉर्बर्ट वीनर याने १९४८ साली नियंत्रणाच्या नव्या शास्त्रास ‘सायबर्नेटिक्स’ हे नाव दिले. ‘पायलट’चे मूळही ग्रीक भाषेतील वल्ह्याच्या शब्दापर्यंत नेता येते. ‘क्रूझ’ हा डच ‘क्रॉइसेन’ या क्रियापदापासून इंग्रजीत आला. ‘क्रॉइस’ म्हणजे क्रूस, आणि क्रियापदाचा अर्थ समुद्रात आडवेतिडवे फिरणे. म्हणजे या यंत्राची तिन्ही नावे तारवावरून आलेली आहेत. पहिल्या दोन नावांत साक्षात सुकाणूधारी आहे आणि तिसऱ्यात तारवाचे दिशा बदलीत हिंडणे आहे. वस्तुतः हे यंत्र सुकाणूस स्पर्शही करीत नाही. ज्या गोष्टीशी यंत्राचा संबंध नाही, तीच त्याच्या नावांनी आपल्याकडे घेतली आहे. क्रूझ लावून मागे जाऊन कॉफी करावयास बसलेल्या वाहनमालकाची एक कथा अमेरिकेत सांगितली जाते. ती केवळ दंतकथा आहे. परंतु अशी दंतकथा जन्मास येण्याइतका अवकाश नावानेच करून दिला, हे नाकारता येणार नाही.

आपल्याकडे गोंधळ आणखी एका कारणाने वाढला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ मध्ये एप्रिल २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक परिवहन वाहनांत ताशी ८० किलोमीटरची मर्यादा राखणारे ‘स्पीड गव्हर्नर’ सक्तीचे झाले. माजरी-भद्रावतीकडच्या ट्रकचालकांच्या तोंडी ‘गव्हर्नर’ हा शब्द आज याच अर्थाने आहे. परंतु हे यंत्र वॉटचा गव्हर्नर नव्हे. ते चाल राखीत नाही. केवळ एका अंकाच्या वर जाऊ देत नाही. विहिरीवरच्या इंजिनाचा गव्हर्नर चाल समान ठेवतो, ट्रकचा गव्हर्नर चालीवर छत घालतो, आणि मोटारीचा क्रूझ चालीला छत व तळ दोन्ही देतो. तीन कामे, तीन यंत्रे. आणि मराठी लेखनात या तिहींसाठी सर्रास ‘गतिनियंत्रक’ किंवा ‘वेगनियंत्रक’ असा एकच प्रतिशब्द योजिला जातो. १८६८ साली मॅक्सवेलने जी विभागणी केली, ती आपण अद्याप केलेली नाही.

(७)

ही विभागणी करण्याचे साधन आपल्या शालेय पुस्तकांत तयार आहे. पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत ‘चाल’ आणि ‘वेग’ यांत भेद केलेला आहे. चाल म्हणजे एकक काळात कापलेले अंतर, त्यात दिशा नाही. वेगात दिशा अंतर्भूत आहे. वळणावर चाल तीच राहिली तरी वेग बदलतो. व्यवहारात आपण ‘वेगमर्यादा’ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, हे खरे. परंतु ज्या यंत्राचे स्वरूपच दिशेशी संबंध नसणे हे आहे, त्याचे नाव ठेवताना हा भेद पाळणे अगत्याचे आहे. क्रूझ कंट्रोल चाल राखते, वेग राखीत नाही. वेगातील जो दिशेचा अंश आहे, तो चालकाकडेच राहतो.

यास्तव प्रस्तुत लेखकाची सूचना अशी : वॉटच्या यंत्रास ‘चालनियामक’, परिवहन वाहनांतील यंत्रास ‘चालमर्यादक’ आणि क्रूझ कंट्रोलला ‘चालधारक’ म्हणावे. यावर असा आक्षेप येईल की, ‘क्रूझ’ हा शब्द रूढ झालाच आहे, आता नवा शब्द कोण स्वीकारणार? आक्षेप रास्त आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत आपल्या परिभाषेचा अनुभव असा की, घडविलेल्या शब्दांपैकी काही रुजले आणि पुष्कळसे कागदावरच राहिले. चालक ‘क्रूझ’च म्हणत राहील, आणि त्याने तसे म्हणण्यास आमची हरकत नाही. परंतु नियम, पाठ्यपुस्तके, वाहनांसोबत मिळणाऱ्या मराठी माहितीपुस्तिका आणि चालकांच्या प्रशिक्षणाचे साहित्य हे कागदावरचेच विश्व आहे, आणि यंत्राकडून काय अपेक्षावे हे नवा चालक तेथेच शिकतो. तीन यंत्रांस एकच नाव मिळाले तर एकाचा भरवसा दुसऱ्यावर टाकला जातो. त्याची किंमत कोशकारास द्यावी लागत नाही, रस्त्यावरील माणसास द्यावी लागते.

शेवटी पुन्हा त्या झोपलेल्या धुरकऱ्याकडे येऊ. त्याने कासरा सोडला तेव्हा चाल व दिशा ही दोन्ही बैलांनी सांभाळली. लोको पायलटची दिशा रुळांनी सांभाळली, आणि शिवाय तो जागा आहे ना हे यंत्राने विचारले. साधा चालधारक लावलेल्या मोटारीत चालक निजला तर चाल ठरल्याप्रमाणे कायम राहते, आणि दिशा मात्र कोणाचीच राहत नाही. या अर्थाने हे यंत्र बैलाहून पुष्कळच कमी जाणते, आणि त्याचे नाव मात्र कर्णधाराच्या घराण्यातील आहे.

आमच्या चालकाला यातील इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु ‘पाय मोकळा’ या दोन शब्दांत त्याने यंत्राची व्याख्या बिनचूक केली होती : मोकळा झाला तो पाय, हात नव्हे, आणि डोळे तर नव्हेतच. कळप दिसताच तो पाय ब्रेकवर आला तो यामुळेच. परिभाषा घडविणाऱ्यांनी अशा बोलण्याकडे कान दिला, तर पुष्कळ श्रम वाचतील, असे वाटते.